एक तास पंचावन्न मिनिटं

पिंपळगाव रेणुकाईहून दिल्ली किती लांब, याचं उत्तर तुम्ही कुणाला विचारता त्यावर ठरतं. मिरचीचा ट्रक चालवणारा म्हणतो, दोन रात्री आणि मधला एक दिवस. सुट्टी संपवून निघालेला फौजी म्हणतो, भुसावळ गाठा, तिथून एक रात्र गाडीत. जालन्याहून सचखंड एक्स्प्रेस धरणारा चोवीस तासांचा हिशोब सांगतो. आणि मोबाइलवर तिकीट काढायला बसलं की पडद्यावर येतं: छत्रपती संभाजीनगर ते दिल्ली, एक तास पंचावन्न मिनिटं.

मी हायस्कूलला भूगोल शिकवते. अंतर मोजायचा धडा आला की पोरांच्या हातात पृथ्वीगोल आणि दोरा देते. दोऱ्याचं एक टोक आपल्या जिल्ह्यावर धरायचं, दुसरं पाहिजे त्या शहरावर, आणि दोरा ताणायचा. ताणलेला दोरा गोलावर जी वाट धरतो तीच दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट, आणि विमानंही जमेल तितकी त्याच वाटेनं जातात. दिल्लीसाठी तर दोराही लागत नाही. संभाजीनगर १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, दिल्ली २८.६ वर. रेखांशातला फरक पावणेदोन अंशांचाच, म्हणजे दिल्ली जवळजवळ सरळ आपल्या डोक्यावर. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा. ८.७ ला १११ नं गुणलं की ९६५ येतात, थोड्या तिरकेपणाचे पंधरा मिळवले की ९८०. विमान वर गेल्यावर ताशी आठशेच्या पुढे पळतं. मग सव्वा तासात पोचायला हवं, बाकीचा वेळ कशाला लागतो, असं दरवर्षी एखादं पोर विचारतंच. चांगला प्रश्न आहे. सप्टेंबरातल्या एका बुधवारी मी तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत सोडवत होते.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, जालना जिल्ह्याच्या अगदी उत्तरेला. इथून बुलढाणा जिल्ह्याची हद्द जवळ आणि जालना लांब. रेणुकामातेचं देऊळ ही गावाची जुनी ओळख, मिरचीचा बाजार ही आत्ताची. मे महिन्यात ठिबकवर आणि मल्चिंगच्या कागदावर लावलेली मिरची पावसाळ्यात तोडायला येते आणि मग संध्याकाळी सगळा पंचक्रोशीचा माल आमच्या बाजारात उतरतो. दुचाकीच्या मागच्या सीटवर आडव्या बांधलेल्या गोण्या, पिकअप, छोटा हत्ती, क्वचित एखादी बैलगाडी. दिवे लागल्यावर बाजाराला खरी जाग येते. व्यापारी गोणी सोडून मूठभर मिरची काढतो, एक मोडून बघतो, देठ बघतो, आणि भाव सांगतो. काट्यावर वजन होतं, गोण्या पुन्हा शिवल्या जातात. हवेत असा तिखट खाट असतो की नवखा माणूस दोन मिनिटांत शिंकायला लागतो. इथल्यांना तो जाणवतसुद्धा नाही.

फोन त्याच वेळी आला. माझा पुतण्या दिल्लीला, जुन्या राजिंदरनगरात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. मराठवाड्यातल्या किती घरांनी आपली पोरं अशी तिकडे ठेवली आहेत, याची मोजदाद कुणी केली आहे की नाही कोण जाणे. आमच्या एका गल्लीतलीच दोन आहेत. फोन त्याच्या खोलीतल्या परभणीच्या मुलाचा होता. चार दिवसांचा ताप, डेंग्यू निघाला, प्लेटलेट उतरत चालल्यात, भरती केलंय. मुलगा शहाणा, आवाज शांत ठेवून बोलत होता. तरी शेवटी म्हणाला, "घरचं कुणीतरी या."

माझा भाऊ तेव्हा काट्यापाशी उभा होता. त्याच्या वावरात ऐन तोड चालू. मिरचीची तोड एक दिवस चुकली की माल लाल पडायला लागतो आणि हिरव्याच्या बाजारात त्याला कुणी विचारत नाही. वर्षाचा सगळा पैसा त्या चार-सहा आठवड्यांत असतो. तो काही बोलेना, मलाच कळलं.

"आक्का, तू जाती का?" म्हणाला. "वहिनीला एकटीला दिल्ली जमायची नाही. अन् माझ्याच्यानं निघणं होत नाही बघ."

तिकीट काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान. ऐनवेळचं तिकीट असल्यानं पाचेक गोण्यांचे पैसे गेले. भावानं ते तिथल्या तिथं व्यापाऱ्याकडून उचल घेऊन दिले.

शेजारीच दिल्लीचा ट्रक भरत होता. गोण्यांच्या थरांमधून हवा खेळावी म्हणून हमाल मध्ये फट ठेवून रचत होते. हिरवी मिरची दाबून भरली की आतून तापते, घामेजते आणि दुसऱ्या दिवशी देठापासून काळी पडते. म्हणूनच हे ट्रक रात्रीच्या गारव्यात निघतात आणि थांबत नाहीत. ड्रायव्हरला मी वाट विचारली. त्यानं एका दमात सांगितली: बुलढाणा, राजूरचा घाट, मलकापूर, बऱ्हाणपूर, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा, आझादपूर मंडी. बाराशे किलोमीटर धरा, म्हणाला. गुरुवारी पहाटे माल उतरला पाहिजे. तो लगेच उत्तरेला तोंड करून निघाला. मला मात्र दिल्लीला जायचं म्हणून आधी नैऋत्येला, उलट्या दिशेनं जायचं होतं.

बुधवारी पहाटे भाच्याच्या दुचाकीवर भोकरदनला गेले. वीसेक किलोमीटर. रात्री पाऊस झाला होता आणि खड्डे पाण्यानं भरल्यानं खोली कळत नव्हती. भाचा जपून चालवत होता. हाच रस्ता बाळंतिणीला घेऊन जातो, साप चावलेल्याला घेऊन जातो, छातीत कळ आलेल्याला घेऊन जातो. माझ्या वडिलांनाही याच रस्त्यानं नेलं होतं. त्या रात्री जीपमध्ये मागे बसून मी त्यांचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांचा चेहरा बघत होते. रस्त्याचा तो तुकडा मला किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

भोकरदनला एसटी लगेच मिळाली. हे गाव आज तालुक्याचं साधं ठिकाण वाटतं, पण दोन हजार वर्षांपूर्वी ते भोगवर्धन नावाचं नांदतं नगर होतं. केळना नदीच्या काठी १९७३ मध्ये उत्खनन झालं, तेव्हा त्या नगराची घरं, मणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंतावरचं कोरीवकाम असं सगळं वर आलं. आणि भोगवर्धनच्या माणसांची नावं कुठे सापडतात, तर मध्य प्रदेशात, सांचीच्या स्तूपावर. दान देणाऱ्यांनी आपलं नाव आणि आपलं गाव दगडावर कोरून घेतलं आहे. सांची इथून सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या आसपास. अजिंठ्याचे डोंगर, तापी, सातपुडा, नर्मदा, विंध्य एवढं सगळं मध्ये. भूगोल शिकवणाऱ्या बाईला हे अंतर नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं, पण आपल्या केळनेचं पाणी प्यालेली माणसं ते पायानं चालून गेली, हे सांगताना वर्गात माझा आवाज दरवेळी बदलतो, आणि पोरंही त्या वेळी गप्प बसून ऐकतात.

सिल्लोडला गाडी अजिंठ्याच्या रस्त्याला लागली. हा रस्ता काही वर्षं उखडून ठेवला होता तेव्हा सिल्लोड ते संभाजीनगर अंतर दुप्पट झालं होतं. आता तो सिमेंटचा झाला आहे आणि आळंद, फुलंब्री, चौका कधी मागे पडले ते कळलं नाही. उत्तरेतून दक्षिणेत यायचा हा जुना राजमार्ग. आग्र्याहून बऱ्हाणपूर, तिथून फर्दापूर, अजिंठ्याचा घाट चढून वर, आणि मग औरंगाबाद. मोगलांच्या फौजा, खजिने, व्यापारी, फकीर सगळे इथून गेले. फर्दापूरला त्या काळची सराई अजून उभी आहे. विमानाच्या घाईत असूनही मी खिडकीतून वाट बघत होते ती या रस्त्याची, कारण जे अंतर मी आज हवेतून कापणार होते त्याची खरी मापं या जमिनीवर पडलेली आहेत.

हर्सूल ओलांडल्यावर गाडी शहरात अडकली. टी-पॉइंट, सिडको, मुकुंदवाडी. चिकलठाण्याला उतरले तेव्हा घरातून निघून पाच तास होत आले होते आणि दिल्लीपासूनचं माझं अंतर, नकाशात पाहिलं तर, वाढलं होतं.

चिकलठाणा विमानतळावर पाय ठेवला की माझ्या वयाच्या माणसांना २६ एप्रिल १९९३ आठवतोच. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ इथून मुंबईला उडत होतं. तेव्हा धावपट्टीच्या टोकाला लागूनच बीडचा रस्ता होता. त्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानानं जमीन उशिरा सोडली, त्याचं चाक गाठींना लागलं, पुढे ते विजेच्या तारांवर गेलं आणि शेतात कोसळलं. ११८ जणांपैकी ५५ गेले. चौकशीत वैमानिकाची चूक निघाली आणि त्या रस्त्यावरची वाहतूक रोखली नव्हती हेही निघालं. आपल्या भागात विमान आणि कापसाचा ट्रक एका रस्त्यावर भेटू शकतात, हे त्या दिवशी सगळ्या देशाला कळलं. आता धावपट्टी २,८०० मीटरहून लांब आहे. तरी कापसाच्या हंगामात गाठींचा ट्रक समोरून आला की मला ते आठवतं.

आत बसायला जागा होती. शेजारी जालन्याचे एक सळईचे व्यापारी बसले होते. ते म्हणाले, "मॅडम, मुंबईचं विमान मी सोडलं." मुंबई इथून सरळ रेषेत २८० किलोमीटर. विमान पन्नास-साठ मिनिटांत नेतं, पण आधी दीड-दोन तास इथे आणि नंतर तासभर तिथे. समृद्धी महामार्ग नागपूरपासून मुंबईच्या दारापर्यंत, ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ ला पुरा झाला आणि जालन्याहून मुंबई गाडीनं पाच तासांत आली. शिवाय वंदे भारत. "रस्ता झाला अन् विमानाचं काम कमी झालं," ते म्हणाले. मला त्यांचं म्हणणं पटलं आणि मनात सकाळचे खड्डे आले. सातशे किलोमीटरचा रस्ता होऊ शकतो. वीस किलोमीटरचा व्हायला काय आड येतं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

विमानाची वेळ कशी मोजतात हे पोरांना सांगण्यासाठी मी मागेच समजून घेतलं होतं. तिकिटावरचे एक तास पंचावन्न मिनिटं म्हणजे हवेतला वेळ नव्हे. विमान आपल्या जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी थांबलं की बंद होतं. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, परवानगीची वाट बघणं, वर चढताना कमी असलेला वेग, दिल्लीच्या आकाशात नंबर लागेपर्यंत मारलेले फेरे, उतरल्यावर पुन्हा जमिनीवरून चालत जागेवर येणं, हे सगळं त्यात येतं. कंपन्या त्यात आणखी थोडी मिनिटं वाढवून ठेवतात, म्हणजे उशीर झाला तरी वेळेवर पोचल्यासारखं दिसतं. खरं उडणं दीड तासाच्या आतबाहेर. आणि विमानाच्या दारापासून पेशंटच्या खाटेपर्यंतचा वेळ कुठल्याच तिकिटावर छापलेला नसतो.

मी उजवीकडची खिडकी मागून घेतली होती. त्याला कारण होतं. संभाजीनगर ते दिल्ली सरळ रेघ मारली तर ती सिल्लोडच्या पश्चिमेनं, आमच्या गावाच्या साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर डावीकडून वर जाते. म्हणजे विमान मला आधी माझ्या घराच्या अंगानंच परत नेणार होतं. उडाल्यावर ते वळलं, ढगांच्या दोन थरांमधून वर आलं, आणि खाली हिरवे-काळे चौकोन दिसायला लागले. पाण्यानं भरलेली तळी, एक नदी, मग अजिंठ्याच्या डोंगराची दातेरी कड. घड्याळ पाहिलं. चाकं जमिनीवरून सुटून नऊ मिनिटं झाली होती. माझा अंदाज बरोबर असेल तर त्या क्षणी पिंपळगाव माझ्या उजव्या हाताला, समांतर होतं. तिथं बाया मिरची तोडत असतील, भाऊ बांधावर उभा राहून आभाळाकडे बघत असेल, पाऊस येतो का म्हणून. सकाळपासून पाच तास घालून मी जे अंतर उलट कापलं होतं ते विमानानं नऊ मिनिटांत पुसून टाकलं. मी कपाळ काचेला लावून बघत राहिले. गाव काही दिसलं नाही, ढग होता.

पुढे सगळं पांढरं. मग आठवत बसले ते तुघलकाचं. १३२७ मध्ये महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून आमच्या देवगिरीला आणायची ठरवली आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं. दिल्लीतले अमीर, मौलवी, सूफी, त्यांची कुटुंबं या रस्त्याला लागली. इसामी नावाचा कवी तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याचे नव्वदीचे आजोबा दिल्लीबाहेर तिलपतच्या पहिल्याच मुक्कामावर वारले. नातू पुढे चालत राहिला, दौलताबादेला पोचला, आणि दोन तपांनी तिथंच बसून त्यानं सुलतानांचा इतिहास पद्यात लिहिला. प्रवासी इब्न बतूता पुढे त्याच वाटेनं दौलताबादेला आला. तो हे अंतर चाळीस दिवसांचं सांगतो आणि रस्त्याच्या कडेनं झाडं होती असंही सांगतो. पण त्याच्या पुस्तकातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट डाकेची. दर चार मैलांवर घोडे बदलायचे, आणि पायी डाकेच्या तर एका मैलात तीन चौक्या. हरकाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात घुंगरं बांधलेली काठी. घुंगरांचा आवाज ऐकला की पुढचा तयार उभा राहायचा. सिंधहून दिल्ली पन्नास दिवसांची वाट, डाक पाच दिवसांत पोचायची. खुरासानची फळं अशीच पळवत आणायचे. सुलतान दौलताबादेत असला की त्याला प्यायला गंगेचं पाणी असंच चाळीस दिवसांच्या वाटेवरून यायचं.

म्हणजे बादशहासाठी अंतर तेव्हाही कमी झालं होतं. इसामीच्या म्हाताऱ्या आजोबांसाठी नाही झालं. पस्तीस हजार फुटांवरून मी हे बघत होते आणि मला वाटत होतं, अंतर कुणासाठी कमी करायचं हे नेहमी कुणीतरी ठरवत आलं आहे.

दिल्लीला विमान वेळेवर टेकलं, पण जागेवर लागायला वीस मिनिटं गेली. मग चालणं. त्या विमानतळावर बाहेर येईपर्यंत आमच्या गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन येणं होईल. एअरपोर्ट मेट्रोनं मात्र वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनावर सोडलं. तिथून पिवळी लाइन, राजीव चौकात बदलून निळी, आणि करोलबाग. स्टेशनाच्या जिन्याखाली परभणीचा मुलगा माझी वाट बघत उभा होता. मला पाहून त्यानं आधी वाकून नमस्कार केला. मला भरून आलं. तीन रात्री तो पोर माझ्या पुतण्याजवळ बसून होता आणि कुणाला काही बोलला नव्हता.

नर्सिंग होमच्या दारात पोचले तेव्हा दिवे लागले होते. घर सोडून बारा तास झाले होते. पुतण्या झोपला होता, सलाइन चालू, ओठ सुकलेले, हाताला लाल पुरळ. मी कपाळावर हात ठेवला तर डोळे न उघडता म्हणाला, "आत्या, मिरचीचा वास येतोय तुझ्या हाताला." आदल्या संध्याकाळी बाजारात उभी होते, तोच वास. प्लेटलेट बत्तीस हजारांवर थांबल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, उतरणं थांबलं आहे, उद्या चढायला लागतील. तसंच झालं. सकाळचा रिपोर्ट पंचेचाळीसचा आला.

पण त्याआधी, गुरुवारच्या पहाटे, मी आझादपूरला जाऊन आले. रात्रभर खुर्चीत बसून झोप येणार नव्हती आणि परभणीचा मुलगा म्हणाला, आत्या, तुम्ही जरा बाहेर जाऊन या, मी आहे. ड्रायव्हरचा नंबर भावानं दिलाच होता. रिक्षानं मंडीत पोचले तेव्हा अंधार होता आणि तरी तिथे भर दिवसासारखी गर्दी. ट्रकांच्या रांगा, डोक्यावर पाटी घेऊन पळणारे हमाल, हिंदीतले पुकारे, पायाखाली कोबीच्या पानांचा चिखल. हिमाचल-काश्मीरच्या सफरचंदांच्या पेट्या एका बाजूला डोंगरासारख्या रचलेल्या. आमचा ट्रक नंबर प्लेटवरून शोधावा लागला नाही. दहा पावलांवरून वास आला.

तो नुकताच लागला होता. तेहतीस तास. ग्वाल्हेरच्या अलीकडे पाऊस लागला म्हणाला, ताडपत्री ओढावी लागली, त्यामुळे आग्र्यानंतर तीनदा थांबून ती उघडून हवा दिली. आडत्याच्या माणसानं मधल्या थरातली एक गोणी ओढून काढली, शिवण कापली आणि मिरच्या तागाच्या तरटावर ओतल्या. मी पुढे झाले. हातात घेऊन बघितल्या. देठ हिरवा होता, मोडली तर टक् आवाज आला. मंगळवारी दुपारी भावाच्या वावरात झाडावर असलेली मिरची. आडत्यानं मान हलवली, भाव सांगितला. पिंपळगावात मिळाला त्याच्या दुपटीहून थोडा जास्त. मधला फरक डिझेल, टोल, हमाली, आडत आणि वाटेत खराब होणाऱ्या मालाचा. शेतकऱ्याला कमी का मिळतं याचं अर्धं उत्तर त्या बाराशे किलोमीटरमध्ये आहे. उरलेलं अर्धं पहिल्या वीस किलोमीटरमध्ये, जिथं गाडीचा भाव खड्ड्यांवर ठरतो आणि व्यापारी तो शेतकऱ्याच्या पट्टीतून आधीच कापून ठेवतो.

चहा पिताना ड्रायव्हर म्हणाला, आग्र्यापासून इकडे येताना रस्त्याच्या कडेला विटांचे जाड मिनार दिसतात, ते कशाचे? मी म्हणाले, कोसमिनार. मोगलांनी बांधलेले, दर कोसाला एक, म्हणजे साधारण तीन किलोमीटरला. कुठपर्यंत आलो आणि किती राहिलं ते वाटसरूला कळावं म्हणून. त्याला ते फार आवडलं. "म्हणजे आमच्यासाठीच की," म्हणाला. इतकी वर्षं त्यांच्या शेजारून जातोय, पुढच्या खेपेला एकेक मोजत जाईन.

परतीला त्याला सफरचंदांची भरती मिळाली होती, जालन्याची. पेशंट कसा आहे, त्यानं विचारलं. बरा आहे, पण आठ-दहा दिवस तरी गावी नेऊन ठेवीन म्हणाले, सचखंडनं, आडवं झोपून येता येईल. त्यावर तो म्हणाला, मग सामान कशाला वाहता, पोराच्या खोलीवरचं काय असेल ते माझ्याकडे द्या, शनिवारी जालन्यात उतरवतो, भाऊ येऊन घेऊन जाईल. दुपारी मी आणि परभणीच्या मुलानं पुतण्याची गादी, कपड्यांची पेटी आणि दोन खोकी पुस्तकं रिक्षात घालून मंडीत नेली. ड्रायव्हरनं ती केबिनच्या मागच्या फळीवर बांधली, वर पेट्यांचा भार येऊ नये म्हणून कडेला सारली, आणि खोक्यांवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं: पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन.